तळातल्या मोठ्या माशासाठी गरीची जुळणी : प्रकल्प नोंदी

६ नोव्हेंबर

३० ते ५० मीटर खोलीवर, खडकाळ तळाशी राहणारा मोठा हेकरू (ग्रूपर) गरीला (गळाला) लागला, तर तो वर आणता येईल अशी जुळणी करायची आहे. १५ ते ३० किलोचा मासा डोळ्यांसमोर ठेवलाय. तांबोशी, वाम, पाकट यांनाही हीच जुळणी चालेल, पण सगळा हिशोब हेकरूचा.

हेकरू लांब पळत नाही. सुरमई किंवा कुपा गळ लागल्यावर भराभर दोरी घेऊन जातात आणि पळून पळून दमतात. हेकरू कपारीच्या तोंडाशी दबा धरून बसतो. भक्ष्य टप्प्यात आलं की भलंमोठं तोंड उघडतो, पाण्यासकट आत ओढतो आणि तिथल्या तिथे वळून पुन्हा कपारीत शिरतो. आत गेल्यावर कल्ले आणि पर फुलवून तो स्वतःला असा अडकवून घेतो की दोरी कितीही मजबूत असली तरी खडकाच्या धारेवर घासून तुटते. झुंजीचा निकाल पहिल्या काही सेकंदांत आणि तळापासूनच्या पहिल्या तीन-चार मीटरांत लागतो. त्यानंतर उरते ती मेहनत.

यावरून दोन गोष्टी आधीच पक्क्या केल्या. एक, सुरुवातीला माशाला दोरी द्यायची नाही. दुसरी, भार हाताबाहेर गेलाच तर कुठे तुटायचं ते आपण ठरवायचं, खडकावर सोडायचं नाही. तुटलंच तर माशाच्या तोंडात गळ आणि थोडीशी दोरी राहावी. अर्धा किलो वजन आणि पन्नास मीटर दोरी ओढत मासा फिरला तर ती दोरी कुठेतरी अडकते आणि मासा तिथेच मरतो. असं होता कामा नये, हे मला मासा मिळण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

९ नोव्हेंबर

रॉड १.८ मीटरचा घेतला. किनाऱ्यावरून फेकायला लांब रॉड लागतो. होडीतून सरळ खाली सोडायचं असेल तर लांबी आपल्याच विरुद्ध जाते. गणित सोपं आहे. रॉडचं बूड कमरपट्ट्याच्या वाटीत टेकलेलं आणि पुढची मूठ बुडापासून ६० सेंटिमीटरवर. रॉड वाकल्यावर बुडापासून टोकापर्यंतचं आडवं अंतर १.२ मीटर धरलं, तर टोकाला ९ किलोचा ताण म्हणजे मुठीवर १८ किलो. तोच रॉड २.४ मीटरचा असता तर मुठीवर २५ किलोच्या आसपास भार आला असता. मासा दमायच्या आधी माणूस दमतो तो इथे.

टोक थोडं नरम आणि खालचे दोन तृतीयांश कडक, असा रॉड निवडला. टोक नरम असलं की तळावरची हालचाल दिसते. दोरीच्या कड्या सिरॅमिक अस्तराच्या आहेत. ब्रेडेड दोरी (बारीक तंतू विणून केलेली) ताणाखाली सरकताना साध्या धातूच्या कडीला हळूहळू खाच पाडते आणि पुढे तीच खाच दोरी कापते.

१२ नोव्हेंबर

रील ओव्हरहेड प्रकारची (रॉडच्या वर बसणारी), लिव्हर ड्रॅगची, दोन वेगांची. ड्रॅग म्हणजे किती ताणाला दोरी सुटू द्यायची ते ठरवणारा ब्रेक. लिव्हर ड्रॅगचा फायदा असा की किती पुढे सरकवल्यावर किती ताण मिळतो ते आधी मोजून ठेवता येतं आणि ऐनवेळी अंदाजाने चाकी पिळावी लागत नाही.

गियरबद्दल सविस्तर लिहून ठेवतो. जास्त वेग म्हणजे जास्त ताकद असा अनेकांचा समज असतो आणि प्रत्यक्षात उलटं आहे. माझ्या रीलच्या भरलेल्या फिरकीचा व्यास ६ सेंटिमीटर, म्हणजे एका फेऱ्यात सुमारे १९ सेंटिमीटर दोरी. ६:१ वर, म्हणजे फिरकीचे सहा फेरे, हँडलच्या एका फेऱ्यात १.१ मीटरहून जास्त दोरी येते, ३:१ वर जेमतेम ५७ सेंटिमीटर. पण ३:१ वर हँडल फिरवायला निम्माच जोर लागतो. १५ किलोचा मासा खाली डोकं घालून जोर लावतो तेव्हा ६:१ चं हँडल जागचं हलत नाही. वेगाचा गियर रिकामं वजन वर घ्यायला, ताकदीचा गियर माशाला.

फिरकी काठोकाठ भरायची, यालाही कारण आहे. ड्रॅगच्या चकत्या फिरकीला ठरावीक पीळाने अडवतात. दोरी बाहेर गेली की फिरकीवरच्या गुंडाळीचा व्यास कमी होतो आणि तोच पीळ आता कमी त्रिज्येवर काम करतो, म्हणून दोरीवरचा ताण वाढतो. ३ सेंटिमीटर त्रिज्येला ९ किलो लावून ठेवला असेल तर त्रिज्या २ सेंटिमीटर झाल्यावर तोच ड्रॅग साडेतेरा किलोचा होतो. अर्धी रिकामी रील घेऊन गेलात तर मोजलेल्या आकड्यांना काही अर्थ उरत नाही.

१६ नोव्हेंबर

मुख्य दोरी ८० पौंडांची (३६ किलो) ब्रेडेड, पीई ८ (जाडीचा क्रमांक). जाडी ०.४७ मिलिमीटर. एवढ्याच ताकदीची नायलॉन दोरी साधारण १ मिलिमीटर जाड असते. पाण्याची ओढ दोरीच्या जाडीवर जोर लावते, त्यामुळे निम्म्या जाडीची दोरी निम्मीच ढकलली जाते आणि कमी वजनात तळ धरता येतो.

पण माझ्यासाठी खरं कारण ताणलं जाण्याचं आहे. नायलॉन तुटण्याआधी २० टक्क्यांहूनही जास्त ताणलं जातं. ४० मीटर नायलॉन नुसतं १० टक्के ताणलं तरी ४ मीटर झाले, आणि पहिल्या नोंदीत लिहिलेले तीन-चार मीटर ते हेच. मी वर हँडल फिरवत असतो, दोरी नुसती लांबत असते आणि हेकरू कपारीत पोचलेला असतो. ब्रेडेड दोरी जवळजवळ ताणली जात नाही.

भरताना आधी फिरकीवर थोडी नायलॉन दोरी गुंडाळली. ब्रेडेड दोरी गुळगुळीत असते. थेट फिरकीवर बांधली तर भाराखाली सगळी गुंडाळीच गरगर फिरते आणि वाटतं ड्रॅग घसरतोय. त्यावर ब्रेडेड दोरी ओल्या फडक्यातून घट्ट धरून भरली. सैल भरलेली दोरी पहिल्याच मोठ्या ताणाला खालच्या थरांत रुतून बसते. दर १० मीटरला रंग बदलणारी दोरी घेतलीय, खोली मोजायला दुसरं काही लागत नाही.

२३ नोव्हेंबर

ब्रेडेड दोरीची दुबळी बाजू म्हणजे खडक. ताणलेल्या अवस्थेत कालवाच्या शिंपल्याला नुसती लागली तरी तटकन जाते. म्हणून मुख्य दोरीच्या पुढे लीडर, म्हणजे घासणं सोसणारा जाड तुकडा: १३० पौंडांचा (५९ किलो), नायलॉनचा, ३ मीटर लांब. फ्लुरोकार्बनचाही विचार केला. त्याचा पृष्ठभाग कठीण असतो, ते नायलॉनपेक्षा जड असल्याने लवकर बुडतं आणि पाण्यात कमी दिसतं. पण एवढ्या जाडीला ते फार ताठ होतं, आणि ४० मीटर खाली अंधुक उजेडात दबा धरून बसणारा मासा दोरी निरखत बसत नाही. नायलॉन किंचित ताणलं जातं, त्यामुळे तळाशी बसणारा झटका थोडा सोसला जातो. तीन मीटरमध्ये तेवढं चालतं, चाळीस मीटरमध्ये नाही.

मुख्य दोरी आणि लीडर यांची जोडगाठ एफजी. ही गाठ मला फार आवडते, कारण यात लीडरला गाठच पडत नाही. लीडर सरळच राहतो, फक्त ब्रेडेड दोरी त्याच्याभोवती एकदा वरून, एकदा खालून असे आळीपाळीने वेढे घेत जाते. दोरी दातांत किंवा रॉडच्या टोकाला ताणून धरायची आणि वेढे एकमेकांना चिकटून बसताहेत का ते पाहत राहायचं. मी वीसच्या आसपास वेढे घेतो. मग दोन अर्धगाठी, थुंकीने ओलं करायचं आणि दोन्ही बाजूंनी जोर लावून ओढायचं. गाठ बसते तेव्हा ब्रेडेड दोरीचा रंग गडद होतो आणि वेढे लीडरच्या अंगात रुतलेले स्पष्ट दिसतात. रंग बदलला नाही तर गाठ बसलेली नाही, ती सोडून पुन्हा बांधायची. कोरडी ओढली तर घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन पांढरं पडतं आणि तिथेच ते कमजोर झालेलं असतं. शेवटी काही अर्धगाठी आणि लीडरचं टोक अगदी गाठीलगत कापून टाकायचं, म्हणजे कडीतून जाताना अडकत नाही.

३० नोव्हेंबर

गाठी वजनकाट्यावर ओढून पाहिल्या. हातमोजे आणि चष्मा घालूनच, कारण ताणलेली दोरी तुटली की परत येते. एफजी ३० किलोच्या आसपास सुटते किंवा तिच्या तोंडाशी ब्रेडेड दोरी तुटते. तुलनेसाठी दुहेरी युनी गाठही बांधली, ती २३-२४ किलोला गेली. लीडरला काहीच झालं नाही.

म्हणजे उतरंड अशी बसली: गळ आणि स्विव्हल (गोल फिरणारी जोडकडी) सर्वांत मजबूत, मग ५९ किलोचा लीडर, मग ३० किलोची जोडगाठ, आणि सर्वांत कच्चा वजनाचा धागा, तुटण्याचा भार ७ किलो. सगळ्यात वाईट वेळी जोडगाठ जाईल आणि माशाकडे गळासह तीन मीटर लीडर राहील. ३ मीटरपेक्षा लांब लीडर न घेण्याचं हेही एक कारण.

गळ आणि स्विव्हलकडची टोकं गाठीऐवजी दुहेरी स्लीव्ह (धातूची छोटी नळी) दाबून केली. नायलॉनला ॲल्युमिनियमचे स्लीव्ह, तांब्याचे तारेला. दाबताना स्लीव्हची दोन्ही टोकं मोकळी सोडायची, फक्त मधला भाग दाबायचा. टोकही दाबलं तर त्याची कड नायलॉनमध्ये चावते आणि लीडर नेमका तिथेच कापला जातो.

७ डिसेंबर

वजनाची मांडणी. वजन दोरीवर घट्ट बांधलं तर मासा आमिष उचलताना त्याला ते लगेच जाणवतं. म्हणून सरकतं वजन. लीडरचे दोन तुकडे केले. जोडगाठीपासून स्विव्हलपर्यंत दोन मीटर, त्यावर मोकळी सरकणारी प्लॅस्टिकची नळी. नळीच्या कडीला पातळ धागा आणि धाग्याला वजन. नळी आणि स्विव्हल यांच्यामध्ये रबरी मणी, म्हणजे स्लीव्हवर आपटत नाही. स्विव्हलनंतर एक मीटर लीडर आणि गळ. खडकाळ तळावर हा शेवटचा तुकडा आखूडच हवा. लांब असला तर आमिष पाण्याच्या ओढीने वाहत स्वतःच कपारीत जाऊन बसतं.

याचे दोन फायदे. वजन खडकात अडकलं तर धागा तुटतो आणि मासा सुटा वर येतो. जोडगाठ तुटली तर नळी मोकळ्या टोकावरून निघून जाते आणि माशाच्या मागे वजन राहत नाही. त्यासाठी नळीचं भोक जोडगाठीवरून सहज सरकेल एवढं मोठं हवं, हे हाताने सरकवून तपासलं.

शिसं वापरायचं नाही असं ठरवलं. या मांडणीत वजनं अधूनमधून तळावर राहणारच, आणि शिसं विषारी आहे. लोखंडी सळीचे तुकडे कापून टोकाला भोक पाडलं. लोखंड शिशापेक्षा हलकं, त्यामुळे ५०० ग्रॅमचा तुकडा ६४ घन सेंटिमीटरच्या आसपास होतो, शिशाचा ४४. पाण्यात बुडाल्यावर दोघांच्या भारात फक्त २० ग्रॅमच्या आसपास फरक पडतो, पण मोठ्या आकारामुळे ओढ जास्त लागते. थोडं जास्त वजन लावून ते भरून काढता येईल.

१४ डिसेंबर

गळ. सर्कल हुक, ९/० मापाचा, जाड तारेचा, टोक सरळ रेषेत असलेला. काही सर्कल हुकांचं टोक बाजूला वाकवलेलं असतं, ते खोलवर रुतण्याची शक्यता जास्त, म्हणून टाळले. स्टेनलेस स्टीलही टाळलं. साधा पोलादी गळ माशाच्या तोंडात राहिला तर कालांतराने गंजून पडतो.

सर्कल हुकचं टोक आत, दांड्याकडे वळलेलं असतं. मासा आमिष गिळून वळतो, दोरी ताणली जाते, गळ घशातून सरकत बाहेर येतो आणि जबड्याच्या कोपऱ्यावर येताच वळून तिथे बसतो. म्हणून झटका मारायचाच नाही. झटक्याने गळ कोपऱ्यापर्यंत यायच्या आत तोंडातून उपटला जातो. आमिष गळाच्या टोकाआड येऊ द्यायचं नाही. टोक आणि दांडा यांच्यातली मोकळी जागा भरली तर गळाला पकडायला जागाच राहत नाही. अख्खा मासा लावायचा तर फक्त ओठातून, तुकडा लावायचा तर एका कडेतून.

२१ डिसेंबर

ड्रॅग मोजला. तराजू खांबाला बांधून, रॉड नेहमीच्या कोनात धरून. सरळ रीलमधून ओढलं तर आकडा कमी येतो. रॉड वाकलेला असताना कड्यांचं घर्षण त्यात मिळतं आणि समुद्रात तोच आकडा खरा. लिव्हरच्या झुंजीच्या खाचेवर ९ किलो, दोरीच्या ताकदीच्या पाव पट. पूर्ण पुढे १२ किलो, एक तृतीयांश. याच्या पुढे गाठींवर आणि माझ्या पाठीवर भरवसा नाही. दोरी सुटायला लागतानाचा ताण आणि सुटत असतानाचा ताण यांत फरक फार कमी आहे का, तेही पाहिलं. तिथे धक्का बसत असेल तर चकत्या साफ करायला हव्यात.

९ जानेवारी

समुद्रात पहिली चाचणी, भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असताना. खोली ३८ मीटर. होडी खडकापासून प्रवाहाच्या वरच्या बाजूला नांगरली, म्हणजे ओढीबरोबर आमिष खडकाच्या कडेशी उतरतं, खडकाच्या आत नाही. हेकरूला कपारीबाहेर चार-पाच मीटर यायला लावलं तर तेवढे मीटर आपल्या बाजूचे.

२५० ग्रॅम तळावर गडगडत राहिलं. ४०० ग्रॅमने तळ धरला. दोरी उभ्या रेषेपासून ३० अंशांच्या आत राहायला हवी. ३० अंशांना ३८ मीटर खोलीला ४४ मीटर दोरी लागते. त्यापेक्षा तिरकी झाली की तळावर काय चाललंय ते कळेनासं होतं. एक वजन खडकात गेलं, धागा ठरल्याप्रमाणे तुटला, बाकी सगळं शाबूत परत आलं. मध्यम आकाराची पाकट लागली, गळ कोपऱ्यात नीट बसलेला. पाकटीच्या शेपटीच्या काट्यामुळे तिला होडीत न घेता पाण्यातच सोडलं.

१७ जानेवारी

उधाणाचे दिवस. ६०० ग्रॅमही टिकेना. पाणी स्थिरावतं तेवढी अर्ध्या तासाची वेळ सोडून बाकी वेळ वाया. वजन वाढवत नेण्यापेक्षा भांगाची वाट पाहणं बरं.

२४ जानेवारी

पुन्हा भांग, तीच जागा. आमिष तळाला टेकल्यावर हँडलचे दोन फेरे देऊन दोरी वर घेतली आणि लिव्हर झुंजीच्या खाचेवर ठेवून रॉड हातातच धरला. आधी टोकाला दोन हलके ठोके, मग एकदम जड. हात आपोआप वर जायला निघाला तेवढ्यात मागून तांडेलकाका म्हणाले, "उचलू नको, फिरव. नुसतं फिरवत राहा."

ताकदीचा गियर, रॉड जवळजवळ आडवा, हँडल सलग. तिसऱ्या-चौथ्या फेऱ्याला रॉडचं टोक पाण्यात गेलं आणि दोरी सुटायला लागली, अगदी थोडी, एखादा हात. मी लिव्हर पुढे ढकलला. तिथे सगळं थांबलं. मासाही हलेना आणि मीही. मग अर्धा फेरा आला, पुन्हा अर्धा. दोरीवर पुढचा रंग दिसला तेव्हा तळ सुटला हे कळलं. पुढे रॉड उचलायचा, खाली जाताना दोरी घ्यायची, रॉड ४५ अंशांच्या वर न्यायचा नाही, कारण त्यापुढे सगळा भार टोकाच्या बारीक भागावर येतो आणि रॉड मोडतात ते असेच.

हेकरूच. लांबी १०४ सेंटिमीटर, वजनाचा अंदाज १७-१८ किलो. गळ जबड्याच्या उजव्या कोपऱ्यात. लीडरवर गळापासून हातभर अंतरावर खरखरीत ओरखडे, म्हणजे कपारीच्या तोंडाशी तो पोचलाच होता. तिथे ब्रेडेड दोरी असती तर मासा दिसलाच नसता.

त्याला परत सोडायचं आधीच ठरलं होतं. हेकरू सावकाश वाढतो, आणि बहुतेक जाती आधी मादी असून मोठ्या झाल्यावर त्यांतले काही नर होतात. मोठे मासे काढत गेलं तर नरच कमी होतात. पण नुसता पाण्यात टाकून चालत नाही. ३८ मीटरवर दाब वातावरणाच्या ४.८ पट असतो. वर येताना वाताशयातली (पोटातल्या हवेच्या पिशवीतली) हवा तेवढ्याच पटीने फुगायला बघते, जठर तोंडातून बाहेर येतं आणि मासा पोट वर करून तरंगत राहतो. बाहेर आलेलं जठर टोचायचं नाही, ते जठर आहे, हवेची पिशवी नव्हे. आधीच तयार ठेवलेला बिनकाट्याचा उलटा गळ खालच्या ओठात अडकवला, त्याला ३ किलो वजन, वेगळी दोरी. डोकं खाली करून तळापर्यंत नेलं, दोरीला झटका दिला, गळ मोकळा झाला. दोरी वर घेतली तेव्हा मासा वर आला नाही आणि पुढचा अर्धा तास पाण्यावर दिसला नाही. पाकट आणि शार्क यांना वाताशय नसतं, त्यांना हे लागत नाही. तांबोशीला लागतं.

२७ जानेवारी

रील गोड्या पाण्याच्या हलक्या धारेने धुतली. जोरदार धारेने मीठ आत ढकललं जातं. ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवला, नाहीतर चकत्या दाबून बसतात आणि पुढच्या वेळी सुरुवातीलाच धक्का देतात. ओरखडे पडलेला लीडर टाकून दिला, ब्रेडेड दोरीचे पहिले पाच मीटर कापले, एफजी नवी.

दोन बदल करतोय. गळाकडचा तुकडा १३० ऐवजी १७० पौंडांचा, कारण घासलं ते तिथेच. ताकद वाढल्याने उतरंड बिघडत नाही, जोडगाठ आहे तिथेच राहते. दुसरं, वजनाचा धागा ७ किलोवरून ५ किलोवर आणणार. वजन अडकलेलं असताना मासा ओढत असेल तर ते दोन किलो माझ्याविरुद्ध जातात. ५०० ग्रॅम वजन वर घेताना ५ किलोचा धागा टिकतो का, ते आधी काट्यावर बघायचं, मग पुढच्या भांगाला तोच खडक, पण यावेळी नांगर दहा मीटर आणखी वरच्या बाजूला टाकून.